खताच्या गोदामातला बॅले

आमच्या शहादेवमामांवर वर्तमानपत्रात काही छापून आलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. धर्मापुरीच्या प्राचीन देवळावरच्या कोरीव नर्तकी बघत हा मुलगा मोठा झाला आणि तिथूनच त्याच्या पायांत नाच आला. मामा ते वाचतात, चष्मा काढून ठेवतात आणि म्हणतात, "देवळामागं आमी गोट्या खेळायचो. वर कोन बघतंय?" पुढच्या वेळी पुन्हा तेच छापून येतं. लिहिणाऱ्यांना देऊळ दिसलं की राहवत नाही. म्हणून म्हटलं, एकदा आपणच लिहून टाकावं. मी मामांची विद्यार्थिनी, आज अंबाजोगाईत माझा स्वतःचा नृत्याचा वर्ग चालतो, आणि मला मामांबद्दल सांगायला देऊळ लागत नाही.

मामा बॅले नाचले. लावणी नाही, बॅले. मुंबईच्या एका बॅले मंडळीत ते ऐन उमेदीची सगळी वर्षं होते. आता ऐंशीला टेकलेत. नाचणं कधीच सुटलं, शिकवणंही सोडलं असं ते सगळ्यांना सांगतात, आणि रोज संध्याकाळी क्लास भरतो त्या गोदामासमोर खुर्ची टाकून बसतात. आत पोरी नाचत असतात. मामा बाहेर बसून, नुसत्या पावलांच्या आवाजावरून, कुणाचं चुकलं ते नाव घेऊन ओरडतात. निवृत्त माणसानं असं करू नये, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, "मी कुटं काय करतोय? मी बसलोय."

नाच त्यांच्या पायांत आला तो लेझमीतून. त्यांचे वडील अर्जुनराव म्हणजे गावातलं वजनदार माणूस. सोसायटी, म्हणजे गावाची शेतकरी सहकारी सोसायटी, त्यांनीच उभी केली होती आणि तिचे चेअरमनही तेच. त्रेसष्ट साली मुंबईत सहकाराचा मोठा मेळावा भरला आणि जिल्ह्याजिल्ह्यातून मिरवणुकीसाठी पथकं बोलावली गेली. अर्जुनरावांनी धर्मापुरीची लेझमीची पोरं नेली. शहादेव अठराचा. उंच, सडपातळ, आणि लेझीम खेळताना असा उडायचा की हलगीवाला आपला ठेका विसरायचा. हलगीवाल्याचं हे मी त्याच्याच तोंडून ऐकलंय, म्हणून लिहिते.

मिरवणूक बघायला फुटपाथवर बॅले मंडळीचे गुरू उभे होते. सगळे त्यांना बाबू म्हणत. त्यांना उड्या मारणारी माणसं हवी होती आणि मुंबईत ती मिळत नव्हती. त्यांनी मिरवणुकीतून शहादेवला बाजूला घेतलं, विचारलं, आणि हा गडी हो म्हणाला. वडिलांना सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून गाडी सुटायच्या वेळेला तो स्टेशनवर आलाच नाही. अर्जुनराव लोकांची पोरं सांभाळून परत घेऊन आले, फक्त स्वतःचं तेवढं आणलं नाही. गावात काय सांगायचं? आठवड्यात खरं काय ते कळलं. चेअरमनचा पोरगा मुंबईला नाच्या झाला.

'नाच्या' हा शब्द आमच्याकडे साधा नाही. पुरुषासारख्या पुरुषानं बायकांसारखं कंबर हलवून लोकांना हसवायचं, तो नाच्या. अर्जुनरावांनी हा शब्द गिळला, पण पचवला नाही. शहादेव दिवाळीला घरी यायचा तेव्हा वडील त्याच्याशी थेट बोलायचे नाहीत. मुलगा समोर ताटावर बसलेला असायचा आणि ते बायकोला सांगायचे, "त्याला म्हणावं, भाकर घे." भिवराबाई बिचारी मधल्यामध्ये निरोप पोचवायची. एकदा शहादेवनं धीर करून आईच्या मार्फतच विचारलं, दादा, म्हणजे वडील, मुंबईला माझा खेळ बघायला येतील का. त्यावर अर्जुनराव म्हणाले, "त्याला म्हणावं, त्याचा नाच मी डोळ्यानं बघनार न्हाई. जिता हाय तवर न्हाई."

झालं. मामांनी पुढं मोठमोठ्या रंगमंचांवर नाव काढलं, मॉस्कोला जाऊन आले, तिथल्या बर्फात शेंगदाण्याची चटणी खाल्ली, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. सगळं मिळालं. हवं होतं ते एवढंच, की या माणसानं एकदा समोर बसून बघावं. हे ते लपवत नाहीत. "लई वाटायचं बाई," म्हणतात, "मॉस्कोत काय, समोर गोरे बसलेले. मी आपला त्यांच्यात दादाचा फेटा हुडकायचो."

शिकणं सोपं नव्हतं. बाबू भिंतीला लावलेल्या लाकडी दांड्याला धरून सकाळभर पाय घासून घ्यायचे. गुडघे बाहेर, टाचा जुळलेल्या, कंबर सरळ. शेतातला पोरगा वाकायला शिकलेला असतो, ताठ उभं राहायला नाही. पहिलं वर्ष मामा रोज रडले. दुसऱ्या वर्षी बाबूंनी त्यांना एका नृत्यनाट्यात झाड केलं. मामा हे सांगायचे तेव्हा आम्ही पोरी हसायचो, झाड काय नाचणार? पण ते झाड साऱ्या नाटकाचा कणा होतं. जंगल तोडलं जातं, ढग रुसून जातो, आणि शेवटचं उरलेलं झाड ढगाला परत बोलावतं, अशी गोष्ट. झाडाच्या उड्या बघायला लोक तिकीट काढून यायचे. हिरव्या कापडाच्या पानांचा पोशाख, अंगभर शिवलेला. तो पोशाख घालून मामा वर गेले की खाली यायचंच विसरलेत असं वाटायचं म्हणे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आमच्याकडे तो नुसता 'बहात्तर' म्हणून ओळखला जातो, पुढं दुष्काळ म्हणायची गरज पडत नाही. गावंच्या गावं खडी फोडायला गेली. ज्यांच्या घरी चार गडी राबायचे ते स्वतः घमेलं घेऊन बांधावर उभे राहिले. अर्जुनरावही गेले. धर्मापुरीजवळ पाझर तलावाचं काम निघालं होतं, तिथं ते एका टोळीचे मुकादम झाले आणि भिवराबाई त्याच टोळीत माती वाहायला लागली. खायला मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकर आणि सरकारी सुकडी. पाणी टँकरचं, घरटी एक घागर. तेवढ्यात पिणं, रांधणं, सगळं.

मामांनी बाबूंच्या मागं टुमणं लावलं, की मंडळीनं दुष्काळी कामांवर फुकट खेळ करावेत. लोकांना दोन घटका विरंगुळा. बाबू मोठ्या मनाचे, कबूल झाले. मामांच्या मनात काय होतं ते मी वेगळं सांगायला नको. तलावाच्या कामावर मुकादमाला जागा सोडून जाता येत नाही.

मंडळी परळीला उतरली आणि कपड्यांच्या पेट्या उतरल्याच नाहीत. गाडीबरोबर पुढं निघून गेल्या. खेळ त्याच दिवशी, दुपार कलल्यावर, काम सुटायच्या वेळेला. ढगाचं निभावलं, एका पांढऱ्या धोतरावर. झाडाचं काय करायचं? रानात हिरवं म्हणून काही उरलं नव्हतं. फक्त कडुलिंब उभे होते, लिंबाला दुष्काळाची पर्वा नसते. बाबूंच्या पोरांनी लिंबाचे डहाळे तोडले आणि मामांच्या कमरेला, खांद्याला, डोक्याला करकचून बांधले. चेहरा तेवढा उघडा.

मराठवाड्यातला कुणीही माणूस हे वाचून आताच हसला असेल. पाऊस पडेनासा झाला की आमच्याकडे धोंडी निघते. एकाला लिंबाच्या डहाळ्यांनी झाकतात, तो दारोदार नाचत जातो, आणि प्रत्येक घरची बाई त्याच्या डोक्यावर पाणी ओतते. ओतावंच लागतं. धोंडीला कोरडं पाठवणं म्हणजे पावसालाच दारातून परत पाठवणं. मामा लहानपणी स्वतः धोंडीमागं पळालेले. पण नऊ-दहा वर्षं मुंबईची हवा लागली, दांड्याला धरून पाय घासण्यात सगळं डोकं गेलं, आणि आपल्याला कशानं झाकलंय हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. एवढा हुशार माणूस, मी त्यांना म्हणते, तुम्हाला कळलं कसं नाही? ते म्हणतात, "मला माझ्या उड्यांचं पडलंतं."

बांधाखालच्या सपाट जागेवर खेळ सुरू झाला. सारं काम थांबून लोक गोल बसले. अर्जुनराव मात्र फोडलेल्या खडीच्या ढिगावर, पाठ करून बसले. मामांना येता येता ते दिसलं. मग ढोलकी वाजली आणि झाड नाचत पुढं आलं.

पहिली उडी झाली नसेल, तोच बायकांमध्ये चुळबुळ सुरू झाली. धोंडी आलीय, आणि आपण नुसत्या बसलोय. बाया उठल्या. झोपड्यांकडे गेल्या. बाबूंना वाटलं खेळ आवडला नाही. पण त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या कमरेवर घागरी होत्या. सगळ्यांच्या पुढं भिवराबाई. आपला पोरगा आहे हे तिला ठाऊक होतं. पण त्या घडीला तो आधी धोंडी होता, मग पोरगा. ती सरळ नाचणाऱ्या माणसाजवळ गेली आणि घरातलं दिवसाचं सगळं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं.

बाबू मागून ओरडत होते, बंद करा, बंद करा. त्यांना ही मारामारीच वाटली. मामांना मात्र त्या पाण्याखाली सगळं लख्ख कळलं. ते थांबले नाहीत. बाबूंनी बसवलेला नाच त्यांनी सोडला आणि एकेका बाईसमोर जाऊन नाचायला लागले, दारोदार जावं तसं. एक उडी, एक गिरकी, मान खाली. वरून पाणी. पायाखाली चिखल झाला, पाय सटकत होते, तरी एकही उडी हुकली नाही. शेवटच्या बाईपर्यंत ते गेले. आमिनाबी नावाची म्हातारी होती, तिच्या घागरीत तळाला जेमतेम वाटीभर पाणी. तिनं ते ओंजळीत घेऊन त्यांच्या कपाळाला लावलं. सारा तलाव उभा राहून ओरडत होता. नुसता आवाज.

मामा हे सांगताना अजूनही ताठ होतात. "मॉस्कोत लोकांनी फुलं टाकली," म्हणतात, "फुलं काय, त्यांच्याकडं लई होती. हितं लोकांनी प्यायचं पानी टाकलं. आता कोनी मला सांगावं मोटा नाच कोनता." हे मी शंभरदा ऐकलंय आणि दर वेळी पुन्हा सांगायला लावलंय.

पाऊस पडला का, असं शहरातले लोक हटकून विचारतात. नाही पडला. तो पुढच्या वर्षी, त्याच्या वेळेला आला. आणि अर्जुनराव? ते शेवटपर्यंत पाठ करून बसले होते. मामांनी प्रत्येक गिरकीला तिकडे बघितलं होतं, त्यामुळे खात्रीनं सांगतात. त्या संध्याकाळी घरी प्यायला थेंब नव्हता, तेव्हा ज्या माणसानं जन्मात घागर उचलली नव्हती तो स्वतः लांबच्या विहिरीवर जाऊन पाणी घेऊन आला. बायकोला एका शब्दानं बोलला नाही. 

पुढं पाचेक वर्षांनी पुण्यात एका खेळात मामा वरून वाकडे उतरले आणि उजव्या गुडघ्याचं कायमचं वाटोळं झालं. बाबूंनी ठेवून घेतलं असतं, पेट्या सांभाळायला. मामा धर्मापुरीला आले. नाच्या आता लंगडाही झाला, म्हणून गावानं दोन दिवस चघळलं. घरातली व्यवस्था तीच, भिवराबाईच्या मार्फत. "त्याला म्हणावं, गुडघ्याला एरंडाचं पान बांध."

शाळेच्या मास्तरांनी लेझीम शिकवायला बोलावलं आणि तिथून क्लास उभा राहिला. जागा सोसायटीच्या गोदामाची. चाव्या गटसचिव बद्रीनाथकडे असायच्या. गटसचिव म्हणजे सोसायटीचा कारभार बघणारा माणूस. बद्रीनाथ भला गृहस्थ. गोदाम रिकामं असलं की तो किल्ली द्यायचा, चेअरमनना विचारायचा नाही, आणि चेअरमनही त्याला विचारायचे नाहीत. बाबूंकडे होता तसा दांडा हवा होता. हबीब मिस्त्रीनं एका कोरड्या पडलेल्या बोअरचा पाइप आणला आणि भिंतीत लोखंडी खुंट्या ठोकून त्यांना वेल्डिंग करून दिला. "पानी न्हाई आलं त्यातनं," म्हणाला, "नाच येतो का बघू."

त्या पाइपाला धरून आम्ही शिकलो. मी शहाऐंशीच्या दुष्काळात दाखल झाले. क्लासचं वर्ष दसऱ्यापर्यंत, कारण त्यानंतर निम्म्या पोरी आईबापाबरोबर ऊस तोडायला जायच्या. पाडव्याच्या सुमाराला परत आल्या की पहिला महिना त्यांचे पाय पुन्हा हलके करण्यात जायचा. विदेशी नावं मामांनी बाजूला ठेवली होती. पाऊल जमिनीवरून घासत पुढं न्यायचं, त्याला ते कोळपणी म्हणत, पिकाच्या ओळींतून तण काढत जावं तशी. दोन्ही हात वर नेऊन अलगद सोडायचे, ती उपणणी, खळ्यावर वाऱ्यात धान्य सोडावं तशी. गुडघे वाकवून सावकाश वर यायचं, ती मोट. एखादीनं पाय आपटला की म्हणायचे, "भाकर थापायलीस का? जमीन हाय ती, तिला झोपू दे." मार कधीच नाही. पण त्यांनी नुसतं "हं" म्हटलं तरी आम्ही तेच पाऊल पुन्हा पहिल्यापासून घ्यायचो.

आमच्या क्लासचं एक उफराटं गणित होतं. दुष्काळ असला की सोसायटीत खत येत नाही, गोदाम रिकामं, क्लास जोरात. पाऊस झाला की युरियाच्या पोत्यांनी गोदाम भरणार आणि आम्ही बाहेर, काट्याकुट्यात. सारं गाव आभाळाकडे बघून हात जोडायचं, तेव्हा आम्ही पोरी मनातल्या मनात देवाला म्हणायचो, थोडं थांब. हे पाप कुणाला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं.

अठ्ठ्याऐंशीला पाऊस दणकून झाला. आणि नुसतं गोदाम भरायचं नव्हतं, सोसायटीला आजूबाजूच्या गावांचा खताचा डेपो मंजूर झाला. म्हणजे बारा महिने पोती. म्हणजे क्लास बंद, पाइप काढून टाकायचा. वार्षिक सर्वसाधारण सभा ऑगस्टात, गोदामातच. तिथं शिक्कामोर्तब होणार होतं. पहिली गाडी सभेच्या दिवशी सकाळीच आली आणि हमालांनी पोती निम्म्या गोदामात रचून टाकली. उरलेल्या निम्म्यात सतरंज्या अंथरल्या.

आदल्या दिवशी मामा आम्हाला म्हणाले, "जायचंच असंल तर रडत न्हाई जायचं. दाखवून जायचं." ते बद्रीनाथकडे गेले आणि सभेत मुलींच्या नाचाची परवानगी मागितली. बद्रीनाथ घाबरत चेअरमनकडे गेला. चेअरमन म्हणजे अर्जुनराव, तेव्हा पासष्टी उलटलेली. त्यांनी त्याच्याकडे वरसुद्धा न बघता सांगितलं, "आयत्या वेळच्या विषयांत घ्या." नियमाचा माणूस. कुणाही सभासदानं मागितलेला विषय त्यांनी आजवर डावलला नव्हता, आणि मामा सभासद होते.

पण या नियमाच्या माणसानं एका गोष्टीचा विचार केला नव्हता. चेअरमनला सभा चालू असताना खुर्ची सोडता येत नाही. पाठही करता येत नाही.

सभा भरली. नफा-तोटा झाला, डेपोचा ठराव टाळ्यांत झाला. मग बद्रीनाथनं खाकरून आयत्या वेळचा विषय पुकारला. आम्ही पोरी पोत्यांच्या रांगेतून पुढं आलो. परकर-पोलकी, अनवाणी पाय. हबीब मिस्त्रीनं ट्रॅक्टरच्या बॅटरीवर टेप जोडला होता. खुर्चीत अर्जुनराव, फेटा बांधलेले, दोन्ही हात काठीवर, आणि नजर समोर. जाणार कुठं?

टेप लागला. मामा बाजूला पाइपाला धरून उभे होते. आम्ही कोळपणीनं सुरुवात केली आणि मोटेवर गेलो, आणि काय झालं कोण जाणे, आमच्या पायांचा आवाज थांबला. म्हणजे आम्ही नाचत होतो, पण सिमेंटवर आवाज होत नव्हता. शिकत होतो तेव्हा जे कधी जमलं नव्हतं ते त्या दिवशी सगळ्यांचं एकदम जमलं. शेवटी उपणणी होती. ती करताना मी पाहिलं, मामांनीही पाइप सोडला होता. गुडघा हलत नव्हता, म्हणून ते जागच्या जागी उभे राहून फक्त हातांनी नाचत होते. ते हात वर गेले आणि सावकाश खाली आले, आणि खळ्यावर धान्य पडताना दिसावं तसं सगळ्यांना दिसलं. अर्जुनराव आमच्याकडे बघत नव्हते. ते त्या हातांकडे बघत होते. ओठ घट्ट मिटलेले, आणि डोळ्याची पापणी लवत नव्हती.

टेप संपला. टाळी कुणी वाजवली नाही. चेअरमनचा चेहरा बघून कुणाची छाती झाली नाही. सुंदरराव नावाचा एक सभासद होता, प्रत्येक सभेत काहीतरी बोललंच पाहिजे असा. तो उठला. "विषय झाला न्हवं? मग आता पाइप काढा. सोसायटी शेतकऱ्याची हाय का नाच्याची?"

मामांची मान खाली गेली. दोन वर्षांत मी ती कधी खाली बघितली नव्हती.

अर्जुनराव काठीवर रेलून उठले. सभेत ते मोजकंच बोलत. "डेपोचा ठराव झालाय," म्हणाले, "तो व्हनारच. खत येनारच. पन खत कुटं ठेवायचं ते ठरावात न्हाई." मग बद्रीनाथकडे वळले. "लिवून घे. खत चेअरमनच्या घरी ठेवायचं. ढेलजेत आन् आतल्या दोन्ही खोल्यांत. गोदाम क्लासला. जोवर क्लास हाय तोवर."

ढेलज म्हणजे आमच्याकडचा घराचा दर्शनी भाग, माणसं येऊन बसतात ती जागा. या घरात तालुक्याचे पुढारी येऊन बसून गेले होते. तिथं युरिया. सुंदरराव म्हणाला, "आन् तुमी कुटं झोपनार, चेअरमनसाहेब?"

"पोत्यावर," अर्जुनराव म्हणाले. "सूचक मी. अनुमोदक कोन?"

मागच्या बाजूला बायका उभ्या होत्या. त्या सभासद नव्हत्या, त्यांना बोलायचा अधिकार नव्हता. त्यांच्यातून भिवराबाईचा आवाज आला, "मी." नियमात बसत नव्हतं, पण नियमाच्या माणसानं ते चालवून घेतलं. मग सगळे हात वर गेले. सुंदररावचाही, सगळ्यात उशिरा.

सभा मोडली ती पोती उचलायलाच. ज्यांनी सकाळी रचली होती तीच माणसं आता ती पाठीवर घेऊन चेअरमनच्या घराकडे निघाली. बद्रीनाथनं धोतर खोचलं, मास्तरांनी बाह्या सारल्या, हबीब मिस्त्रीनं आपला ट्रॅक्टर लावला. आम्ही पोरींनी दोघीदोघींत एकेक पोतं उचललं. सारा रस्ता पांढरा झाला होता आणि सगळे हसत होते. लग्नघरातसुद्धा एवढं हसू मी बघितलेलं नाही.

मामाही एक पोतं ओढून पाठीवर घ्यायला वाकले. आणि अर्जुनराव, जे पंचवीस वर्षं या मुलाशी एक वाक्य सरळ बोलले नव्हते, ते त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. मध्ये भिवराबाई नव्हती. ती रस्त्यावर पुढं गेली होती.

"ठेव ते," अर्जुनराव म्हणाले. "पोती उचलायला गाव हाय. तुझे पाय कामाचे हायत."

नाचाला ते काम म्हणाले. मामांनी पोतं खाली ठेवलं, त्याच्यावरच बसले आणि आम्हा पोरींसमोर ढसाढसा रडले. अर्जुनरावांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. थोड्या वेळानं तो काढला, काठी उचलली, आणि त्या पोत्यावरून मुलाला उठवून ते पोतं आपल्या पाठीवर चढवून द्यायला त्यांनी हमालाला हाक मारली.